वरचं ओझं

‘ओव्हरबर्डन’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी डोक्यावर कामाचा ताण जास्त झालाय. ऑफिसात तो शब्द आम्ही त्याच अर्थाने वापरतो. मग पुढची ओळ वाचली. उघड्या खाणीत कोळशाच्या वर जे जे असतं त्याला ओव्हरबर्डन म्हणतात. वाळूचा दगड, चिकणमाती, मुरूम, सगळं. थोडक्यात, वरचं ओझं. कोळसा हा माल आणि बाकीचं ते ओझं. सगळ्यात वरचा एक-दीड फूट, ज्यात कालपर्यंत कापूस उभा होता, त्याला कागदावर ‘टॉपसॉइल’ असं वेगळं नाव आहे, पण प्रकरण ओझ्याचंच.

मी मूळची धाडची. बुलढाण्याहून भोकरदनकडे जाताना लागतं ते धाड. आमच्याकडे कोळसा नाही. आमच्याकडे काळा दगड, त्यावर मुरूम आणि त्यावर नशिबात असेल तेवढी माती. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टसाठी मला खाणींच्या पुनर्भरणाचे अहवाल वाचायला दिले. ते वाचण्याचं काम संपलं, पण वाचणं सुटलं नाही. या वेबझिनवर लोक कादंबऱ्यांवर, सिनेमांवर लिहितात. मी या अहवालांवर लिहितेय. ते वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही, आणि त्यामुळेच त्यांचं फावतं असं माझं मत आहे. कारण त्यांच्यात गोष्ट असते. सुरुवातीला गाव, मध्ये खड्डा, शेवटी हिरवळ. शेवट गोड.

आधी खड्ड्याबद्दल. महाराष्ट्रातला कोळसा नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांत, प्रामुख्याने वर्धा नदीच्या खोऱ्यात आणि नागपूरच्या आसपास. तो काढणारी मुख्य कंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, म्हणजे वेकोलि. मुख्यालय नागपूर. बोगद्याच्या खाणी आहेतच, पण आता भर उघड्या खाणींवर. आधी झाडं तोडायची, मग वरची माती खरवडून बाजूला ढीग करायचा, मग सुरुंग लावून दगड फोडायचा, तो डंपरने नेऊन टाकायचा, मग कोळसा. एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर दगड-माती हलते. खाण पुढे सरकली की मागचा खड्डा त्याच दगडाने भरत जायचा. पण सुरुवातीला मागे खड्डाच नसतो, म्हणून पहिला सगळा दगड बाहेर, कुणाच्या तरी शेतावर, डोंगर होऊन बसतो.

हे डोंगर मी पाहिलेत. ऑफिसची ताडोबाची ट्रिप होती. चंद्रपूरहून मोहर्लीच्या गेटकडे जाताना दुर्गापूर, पद्मापूरचा भाग लागतो. गाडीतले सगळे वाघाच्या गप्पांत. बाहेर टेकड्या होत्या, पण त्यांचं डोकं सपाट. टेकडीला शेंडा असतो हे आपल्याला इतकं गृहीत असतं की सपाट डोक्याची टेकडी दिसली की काहीतरी चुकलंय एवढंच कळतं, काय ते कळत नाही. शेजारच्याने विचारलं, “हे पण जंगलच का?” ड्रायव्हर म्हणाला, “वेकोलिचा ढिगारा आहे.” त्यावर झाडं होती. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ जास्त. चंद्रपूर शहराभोवती अशा झाडीत वाघ-बिबट्यांचा वावर आहे आणि त्यात माणसं मेली आहेत हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे ढिगारा ओसाड राहिला नाही हे खरंच आहे. कुणासाठी तरी तो वसलाय.

आता अहवाल.

पहिला प्रकार म्हणजे खाण बंद करण्याची योजना, ‘माइन क्लोजर प्लॅन’. कोळसा मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. खाण सुरू करतानाच ती बंद कशी करणार हे लिहून द्यायचं आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात पैसे टाकत राहायचं. उघड्या खाणीला तेव्हाच्या दराने हेक्टरी ६ लाख, बोगद्याच्या खाणीला १ लाख. नंतर दर वाढले. तेव्हाच्या सूचनांप्रमाणे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन कामाच्या हिशेबात भरलेल्या पैशातले ८० टक्क्यांपर्यंत परत मिळू शकत होते. कल्पना चांगली आहे, मी तिची टिंगल करत नाही. मृत्युपत्र लिहूनच जन्माला यायचं असा प्रकार आहे हा. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच्या आधीच्या मालकांनी तर खड्डे तसेच टाकून दिले होते.

पण ही भाषा वाचा. वाचकहो, खरंच वाचा एकदा, मोबाइलवर पीडीएफ उघडते. सगळं भविष्यकाळात आणि कर्मणी प्रयोगात. वरची माती स्वतंत्रपणे काढली जाईल. ती साठवली जाईल. ती पसरवली जाईल. कोण काढेल, कोण पसरवेल, पत्ता नाही. शाळेत मराठीच्या बाई सांगायच्या की कर्ता लपवायचा असेल तर कर्मणी वापरा. त्यांनी ते व्याकरण म्हणून सांगितलं होतं.

आणि ‘साठवली जाईल’ हा शब्द बघा. जणू माती म्हणजे सिमेंट, गोणीत ठेवलं की पुढच्या वर्षी तेवढंच. माती साठवता येते, पण थोडी आणि थोडेच दिवस. उंच ढीग केला की आतल्या भागाला हवा मिळत नाही. आतले जिवाणू बदलतात, मुळांना धरून राहणाऱ्या बुरश्या मरतात, गवताचं बी कुजतं, गांडुळांचा विषयच नाही. वरून पाऊस नत्र धुऊन नेतो. म्हणून ढीग बुटका ठेवायचा, त्यावर काहीतरी पेरायचं आणि शक्य तितक्या लवकर ती माती पसरायची. सगळ्यात उत्तम म्हणजे ढीगच न करता, इकडून काढली की तिकडे भरलेल्या खड्ड्यावर पसरायची. खाण मात्र वीस-तीस वर्षं चालते, आणि पहिल्या वर्षी काढलेल्या मातीला जायला जागाच नसते. तीस वर्षांनी जे पसरलं जाईल त्याचा रंग मातीचा असेल.

वर्धा खोऱ्यातली बरीच माती काळी, कापसाची. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचा भुगा भेगांत पडतो, पावसात फुगते आणि आतला थर वर ढकलते. म्हणजे ती स्वतःलाच नांगरते. तिला हे करायला खोली लागते आणि खाली पाणी धरणारा थर लागतो. तिला फोडलेल्या दगडाच्या ढिगावर अर्धा फूट पसरली की पाणी सरळ खाली. वर भेगा, खाली पोकळी.

एक गंमत सांगते. १९८८ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांत वरच्या मातीचा स्पष्ट नियम होता: ती वेगळी काढा, पुनर्वसनासाठी वापरा, लगेच वापरता येत नसेल तर नीट साठवा. पण ते नियम कोळशाला लागू नव्हते. लिग्नाइटलाही नाही. भंडाऱ्याच्या मॅंगनीजवरच्या मातीला नियमाचं छत्र आणि चंद्रपूरच्या कोळशावरच्या मातीला ते नाही. तिला प्रत्येक खाणीच्या पर्यावरण मंजुरीतल्या अटींवर अवलंबून राहायचं. त्या अटींत ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको वगैरे असतं. कोनाचा आकडा मोजता येतो, म्हणून तो लिहिता येतो.

दुसरा प्रकार उपग्रहाच्या अहवालांचा. इथे मी स्वतः आरोपी आहे, म्हणून जरा सावकाश लिहिते.

कोल इंडियाची नियोजन आणि आराखड्याची कंपनी सीएमपीडीआय मोठ्या उघड्या खाणींचे उपग्रह नकाशे करते. त्यात खाणीच्या जमिनीचे रंगीत तुकडे असतात. जिथे झाडं लावली ती जमीन ‘जैविक पुनर्भरण’. जिथे खड्डा भरला ती ‘तांत्रिक पुनर्भरण’. जिथे खोदकाम चालू ती चालू खाण. आता दुसऱ्या शब्दावर थांबा. खड्ड्यात फोडलेला दगड परत टाकला, अजून माती नाही, गवताचं पातं नाही, तरी ती जमीन पुनर्भरणाच्या रकान्यात आली. विशेषण ‘तांत्रिक’ आहे, पण बेरीज करताना विशेषण गळतं. दोन्ही आकडे एकत्र केले की टक्केवारी छान दिसते. हे खोटं नाही. प्रत्येक आकडा खरा असतो. कवितेसारखंच आहे, शब्द खरे असतात आणि परिणाम त्यांच्या क्रमाने होतो.

मी ज्या कंपनीत होते तिथे आम्ही असंच, छोट्या प्रमाणावर, डॅशबोर्ड बनवत होतो. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, एक पिक्सेल दहा मीटरचा. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करायचा, दोघांच्या बेरजेने भागायचं. येतो तो आकडा म्हणजे एनडीव्हीआय. शून्याच्या जवळ असेल तर उघडी जमीन, एकाकडे गेला की दाट पालवी. मी एक ओळ लिहिली: आकडा ०.४ च्या वर गेला की त्या पिक्सेलला ‘रिस्टोअर्ड’ म्हणायचं. ०.४ का? बैठकीत कुणीतरी म्हणालं, ठीक वाटतंय. डेमोत उंदराच्या क्लिकवर करडा डोंगर वर्षागणिक हिरवा होत जायचा आणि खोलीतले लोक हसरे व्हायचे. मीही.

लॉकडाउननंतर काही महिने घरून काम होतं, ते धाडला. बाबा मागे उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, हिरवं म्हणजे काय. मी सांगितलं, जमीन दुरुस्त झाली.

ते म्हणाले, “पोरी, हिरवं तं गाजरगवतही राह्यते. तुह्या कॉम्प्युटरले ते कळते का?”

कळत नाही. या लेखाच्या बाकीच्या परिच्छेदांत मी जे म्हणणार आहे ते या एका वाक्याचं लांबण आहे. एनडीव्हीआय पालवी मोजतो. ती गाजरगवताची आहे, वेड्या बाभळीची आहे की तुरीची, हे त्याला वेगळं शिकवावं लागतं. आणि शिकवलं तरी तो पानाखालच्या मातीबद्दल काही बोलत नाही. सुबाभूळ हवेतलं नत्र धरते, दगडात वाढते, म्हणून ती लावतात. चुकीचं नाही, सुरुवात तिथूनच करावी लागते. तक्रार आहे ती सुरुवातीलाच शेवट म्हणण्याबद्दल.

वेगळ्या तऱ्हेने लिहिलेला मजकूरही आहे आणि तो आपल्याच इथला आहे. नागपूरच्या नीरी संस्थेतल्या आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर आणि मग पद्मापूरच्या कोळशाच्या ढिगाऱ्यावर काम केलं. होय, तोच पद्मापूरचा भाग, जिथून आमची गाडी गेली. पद्धत ऐकायला घरगुती आहे. मॅंगनीजच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याची मळी, कोळशाच्या ढिगाऱ्यावर सांडपाणी शुद्धीकरणातला गाळ, त्यात नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांवरच्या बुरश्या, आणि मग त्या जागेला सोसतील अशी झाडं. त्यांचे शोधनिबंध वाचताना मला फरक जाणवला तो मोजण्यात. सेंद्रिय कर्ब किती, पाणी किती धरतं, जिवाणू किती वाढले, जड धातू किती कमी झाले. माती हा कर्ता आहे त्या वाक्यांत. भाषा रुक्ष आहे, पण प्रामाणिक. दहा हेक्टरांवर झालेल्या या कामाची हजारो हेक्टरांवर नक्कल का होत नाही, याचं उत्तर निबंधात नसतं, कारण ते जिवाणूंच्या हातात नाही.

अमेरिकेचा १९७७ चा उघड्या खाणींचा कायदा या बाबतीत वाचनीय आहे. उत्तम शेतजमीन खोदायची असेल तर मातीचे थर वेगवेगळे काढायचे, वेगळे ठेवायचे आणि त्याच क्रमाने परत लावायचे. कंपनीने ठेवलेली अनामत सुटते ती पीक बघून. शेजारच्या न खोदलेल्या तशाच जमिनीइतकं उत्पन्न आलं पाहिजे. तिकडेही पळवाटा आहेत, दिवाळखोर कंपन्या आहेत, डोंगरांचे शेंडे उडवलेले आहेत. पण निदान शेवटचा प्रश्न शेतकऱ्याचा आहे: पिकतं का? आपल्या योजनेतला शेवटचा प्रश्न आहे: झाडं किती लावली?

याला एक कारण आहे. आपल्याकडे १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने जमीन घेतली की ती कायमची सरकारची, पुढे कंपनीची. कोळसा संपल्यावर ती मूळ शेतकऱ्याला परत देण्याची वाट त्यात आखलेली नाही. त्याला मोबदला मिळतो, अनेकांना नोकरी मिळाली, ते खरंच मोठं होतं. पण जमीन परत जाणारच नसेल तर ती पिकते का हे कोण विचारणार? एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा खोदून झालेल्या जमिनी कोळसा आणि ऊर्जेच्या प्रकल्पांना, सौर प्रकल्पांनाही, भाड्याने देण्याचं धोरण मंजूर केलं. सौर पॅनेलला दगड चालतो.

आता थोडं आपल्या लोकांकडे. अहवालांना माती दिसत नाही असं म्हणताना मला वाटायचं की आपल्या साहित्याला ती दिसते. दिसते का? आमच्या जिल्ह्यातले सदानंद देशमुख, त्यांची ‘बारोमास’ मी बारावीच्या सुट्टीत वाचली. शिकून नोकरीला पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकलेला एकनाथ मला माझा चुलतभाऊच वाटला. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला आहे आणि तो आमच्याकडे लोक घरातल्याला मिळाल्यासारखा सांगतात. त्या कादंबरीतली शेती खरी आहे, कारण तिच्यात कर्ज आहे, बी-बियाणं आहे, घरातली भांडणं आहेत. पण तिच्याभोवती जी ‘काळ्या आई’ची भाषणं, कविता, व्हॉट्सअॅप स्टेटस आहेत, त्यांच्याबद्दल मला अडचण आहे. आई एकच असते, अखंड असते, तिचे थर नसतात. तिचा वरचा दीड फूट काढून विकता येतो हे त्या भाषेत बोलताच येत नाही. मग तसं झालं की आपण रडतो किंवा गप्प बसतो. कंपनीकडे मातीचे घनमीटर आहेत आणि आपल्याकडे मातीला जोडलेले हात. या दोहोंच्या मध्ये मुरूम, भरकाड, चोपण, पोयटा, गाळ असे शब्द आहेत, ते बाबांच्या पिढीसोबत चाललेत.

गप्प बसण्याबद्दल बोलले, तर आमच्या घरचं सांगायला हवं.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या शेतात टेकाडाकडचा अर्धा-पाऊण एकराचा तुकडा हलका, वर दीड फूट माती, खाली मुरूम. रस्त्याच्या कामाला भराव हवा होता. ठेकेदाराचा माणूस घरी आला. ब्रासवर भाव ठरला. बाबांनी एकच अट घातली, वरची माती आधी काढून बांधाला लावा, मुरूम नेला की ती परत पसरून द्या. तो म्हणाला, हो. जेसीबी आला, टिप्पर आले, तीन दिवसांत काम झालं. वरची माती त्यांनी बाजूला टाकली, पण टाकताना त्यात मुरूम मिसळला, मग वरूनच टिप्पर फिरले, आणि शेवटी ढीग लोटून दिला की झालं. कागद नव्हता. असता तरी त्यात लिहिलं असतं, ‘पसरवली जाईल’.

त्या पैशांत माझी त्या वर्षाची फी गेली. म्हणजे ०.४ ची ती ओळ लिहायला मी शिकले ती त्याच दीड फुटाच्या जिवावर. हे मी बाबांना कधी बोलले नाही आणि त्यांनीही नाही.

पुढची वर्षं बाबा त्या तुकड्यावर गाळ टाकताहेत. सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ ला आली. पुढच्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने तलाव उपसण्याचं मोठं काम केलं. तळ्याचा गाळ फुकट, वाहतूक शेतकऱ्याची. गाळ म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून वाहून गेलेली माती, तिचा मालक कोण हे तळ्याला माहीत नसतं. बाबांनी ट्रॅक्टर लावून ट्रॉल्या आणल्या. पहिल्या वर्षी जास्त टाकला तर वर पापुद्रा धरला आणि सोयाबीन वरच आलं नाही. मग थोडा थोडा, शेणखतात मिसळून. एक वर्ष ताग पेरून गाडला. मूठभर ओली माती घेऊन ते गोळा करतात आणि अंगठ्याने दाबतात. गोळा फुटताना कसा फुटतो यावरून त्यांना काय ते कळतं. मला अजून कळत नाही. मी विचारलं तर म्हणाले, “दाबत राह्य, कळीन.”

ऑफिसात मी एक रकाना सुचवला होता. हिरव्याच्या शेजारी ‘माती’ नावाचा, ज्यात प्रत्यक्ष खड्डा करून घेतलेल्या नमुन्याचे आकडे भरायचे: कर्ब, खोली, पाणी किती जिरतं. मॅनेजर चांगला माणूस होता, त्याने तो घेतला. क्लायंटकडून भरायला आकडे आले नाहीत, तेव्हा तो रकाना सगळीकडे ‘एन/ए’ दाखवू लागला, डेमोत वाईट दिसू लागला आणि पुढच्या रिलीजमध्ये लपवला गेला. बघा, माझाही कर्मणी आलाच. लपवला मी. कमिट माझ्याच नावावर आहे.

गेल्या दिवाळीत गावी होते. टेकाडाकडच्या तुकड्यात तूर होती, गुडघ्याच्या थोडी वर. बांधापलीकडे, जिथे कधी जेसीबी गेला नाही, तिथे त्याच दिवशी पेरलेली तीच तूर माझ्या छातीला लागत होती. बांधावर उभी राहून मी मोबाइलवर आमचं शेत उघडलं, त्या आठवड्याचं चित्र होतं. दोन्ही तुकडे ०.४ च्या वर, एकाच हिरव्या रंगात. बाबांना स्क्रीन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, अलीकडच्या तुकड्यातलं तण अजून काढायचं राहिलंय.